पारितोषिकाची पात्रता

ठाणाकुशनूर हे बीदर जिल्ह्यातील गाव कर्नाटकात आहे आणि तेथून काही कोसांवरचे उदगीर महाराष्ट्रात आहे. १९५६ च्या १ नोव्हेंबरपूर्वी ही दोन्ही ठिकाणे हैदराबाद राज्याच्या एकाच बीदर जिल्ह्यात होती. त्या दिवशी जिल्ह्याची वाटणी झाली. उदगीर, अहमदपूर, निलंगा हा भाग मुंबई राज्यास मिळाला. बीदर, भालकी, हुमनाबाद, औराद हा भाग म्हैसूर राज्यात गेला. ठाणाकुशनूरच्या घरांतील मराठी मात्र कोणत्याही राज्याकडे वर्ग झाली नाही. ती होती तेथेच राहिली.

अशा गावातील एखाद्या लेखकाने मराठीत कादंबरी लिहिली, आणि तीही रहस्याची, भुताखेतांची किंवा विज्ञानाच्या कल्पनेवर उभारलेली, तर तिला साहित्याचे मोठे पारितोषिक मिळू शकेल काय? प्रश्न वरवर साधा वाटतो. परंतु त्याच्या पोटात दोन निरनिराळे प्रश्न दडलेले आहेत. ती कादंबरी नियमाने पात्र आहे काय, हा पहिला; आणि रिवाजाने ती पात्र मानली जाईल काय, हा दुसरा. नियम कागदावर असतो, तो वाचता येतो. रिवाज कोठेच लिहिलेला नसतो, आणि म्हणूनच तो अधिक चिवट असतो. मराठीतील पारितोषिकांचा गेल्या पावणेदोनशे वर्षांचा इतिहास हा बऱ्याच अंशी या दोहोंच्या ओढाताणीचा इतिहास आहे.

त्याचा आरंभ दक्षिणेपासून होतो. पेशवाईत श्रावणमासी पुण्यात विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा वाटली जाई. तेथे पात्रतेचा विचार होता, पण तो माणसाच्या पात्रतेचा होता: जात कोणती, अध्ययन कोणत्या शास्त्राचे. राज्य बदलल्यावर इंग्रज सरकारने ही दक्षिणा एकदम बंद केली नाही; तिला हळूहळू कात्री लावली आणि तिचा काही भाग पुण्याच्या संस्कृत पाठशाळेकडे वळविला. मग १८४९ च्या सुमारास लोकहितवादी गोपाळ हरी देशमुख आणि त्यांच्या विचारांच्या मंडळींनी सरकारकडे अर्ज केला, की या रकमेतील काही हिस्सा मराठी भाषेत चांगले ग्रंथ लिहिणाऱ्यांस बक्षीस म्हणून द्यावा. पुण्यातील सनातनी मंडळी खवळली. आपल्या हक्काचे द्रव्य दुसऱ्याच्या ओंजळीत जाते आहे, हे त्यांना दिसत होते. तरीही सरकारने मागणी मान्य केली आणि १८५१ मध्ये दक्षिणा प्राइझ कमिटी स्थापन झाली.

या बदलाचे महत्त्व आज सहजी ध्यानात येत नाही. आतापर्यंत माणूस पात्र किंवा अपात्र ठरत असे. आता ग्रंथ पात्र किंवा अपात्र ठरणार होता. ग्रंथाला जात नसते, निदान नसावी, अशी अपेक्षा होती. पण चारच वर्षांत तिची कसोटी लागली. १८५५ मध्ये जोतीराव फुले यांनी ‘तृतीय रत्न’ हे नाटक लिहून या कमिटीकडे पाठविले. अडाणी शेतकऱ्यास धर्माच्या नावाखाली कसे नागविले जाते, हा त्याचा विषय. कमिटीने ते स्वीकारले नाही. ब्राह्मण सभासदांच्या आग्रहापुढे काही चालले नाही, असे फुल्यांनी पुढे ‘गुलामगिरी’त नमूद करून ठेवले आहे. नाटक मराठीत होते, स्वतंत्र होते, वेळेत पोहोचले होते. कागदावर ते पात्रच होते. ते अडले ते न लिहिलेल्या नियमाला. छापील रूपात ते वाचकांपुढे येण्यास त्यानंतर शंभरांहून अधिक वर्षे लागली.

आता कादंबरीकडे वळावे. मराठी कादंबरी जन्मली तीच अद्भुताच्या मांडीवर. लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांची ‘मुक्तामाला’ १८६१ ची, नारो सदाशिव रिसबूड यांची ‘मंजुघोषा’ १८६८ ची. राजपुत्र, कपटी प्रधान, संकटातून सुटणारी नायिका आणि योगायोगांची रेलचेल, असा हा माल होता आणि तो हातोहात खपला. त्यापूर्वी १८५७ मध्ये बाबा पदमनजींनी ‘यमुनापर्यटना’त विधवांच्या दुःखाची कथा सांगितली होती. गंभीर आणि रंजक अशा दोन वाटा अशा रीतीने प्रारंभीच फुटल्या. पुढे हरिभाऊ आपट्यांनी सामाजिक कादंबरीस प्रतिष्ठा मिळवून दिली, तेव्हा दुसऱ्या वाटेकडे पाहण्याची विद्वानांची दृष्टी आपोआप तिरकी झाली.

तिरक्या नजरेला एक कारणही होते आणि ते प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. रहस्याच्या आणि साहसाच्या मराठी कादंबऱ्यांपैकी पुष्कळशा मूळच्या मराठी नव्हत्या. गोविंद नारायण दातारशास्त्री यांनी रेनॉल्ड्सच्या इंग्रजी कादंबऱ्यांना असा काही मराठी पेहराव चढविला, की ‘कालिकामूर्ती’ किंवा ‘इंद्रभुवनगुहा’ वाचणाऱ्यास लंडनची आठवणही होऊ नये. रूपांतराची ही कला सामान्य नव्हे. परंतु पारितोषिकाच्या नियमात ‘स्वतंत्र कृती’ हा शब्द आला, की रूपांतर दाराबाहेर राहते. एकाचे रूपांतर बाहेर राहिले, आणि त्याच्याबरोबर त्या जातीचे सारे लेखनच बाहेरचे ठरले. हा दुसरा भाग मात्र नियमात नव्हता.

दातारशास्त्रींनंतर बाबूराव अर्नाळकरांचा काळ आला. त्यांचे खरे नाव चंद्रकांत सखाराम चव्हाण. झुंजार, काळापहाड, धनंजय ही त्यांची पात्रे दोन पिढ्यांच्या ओळखीची झाली. त्यांच्या कादंबऱ्यांची संख्या हजाराच्या वर गेली आणि त्या विक्रमाची नोंद गिनेसच्या ग्रंथातही झाली. पुढे गुरुनाथ नाईकांनीही हजारांवर रहस्यकथा लिहिल्या. नारायण धारपांनी भयकथेस मराठीत स्थान मिळवून दिले. ही पुस्तके आकाराने लहान, किमतीने हलकी असत. ती विकत घेऊन कपाटात ठेवणारे थोडे आणि भाडोत्री वाचनालयातून आणून, रात्रीत संपवून, सकाळी परत करणारे फार. हैदराबाद संस्थानातील मराठी मुलांची शाळा-कचेरीची भाषा उर्दू होती. उस्मानिया विद्यापीठात तर १९१८ पासून उच्च शिक्षणही उर्दूतून होते. अशा मुलखात मराठी वाचण्याची सवय पाठ्यपुस्तकांनी लावली असेल त्यापेक्षा पोथ्यांनी आणि गोष्टीच्या पुस्तकांनी अधिक लावली, असे म्हणण्यास हरकत नाही. परळीहून विकाराबादकडे जाणारी आगगाडी उदगीर सोडून कमलनगर, भालकी, बीदर अशी जाते. गाडीत वाचावयाचे पुस्तक हे ‘वाङ्मय’ नव्हे, ही समजूत सीमेच्या दोन्ही अंगांस सारखीच होती. या बाबतीत तरी राज्यपुनर्रचनेने कोणावर अन्याय केला नाही!

१९५४ मध्ये दिल्लीत साहित्य अकादमी स्थापन झाली आणि १९५५ पासून तिचे पुरस्कार सुरू झाले. रक्कम त्या वेळी पाच हजार रुपये होती. २००९ पासून ती एक लाख झाली. अकादमीच्या नियमांत ठाणाकुशनूरच्या दृष्टीने सर्वांत मोलाची गोष्ट ही, की तेथे भाषा विचारली जाते, राज्य विचारले जात नाही. लेखक भारतीय नागरिक असावा, पुस्तक अकादमीने मानलेल्या भाषेत असावे, ते स्वतंत्र असावे आणि ठरलेल्या मुदतीत प्रथम प्रसिद्ध झालेले असावे. बीदरच्या मराठी लेखकास मराठीचा पुरस्कार मिळण्यास यांतील कोणतीही अट आडवी येत नाही. भाषा आणि प्रांत यांची अशी फारकत सीमाभागाला नवी नाही. धारवाडचे द. रा. बेंद्रे यांची मातृभाषा मराठी. पण त्यांनी कवितेसाठी कन्नड जवळ केली, तीत ते थोर कवी झाले आणि १९५८ चा अकादमी पुरस्कार त्यांना कन्नडसाठी मिळाला.

पहिली काही वर्षे मराठीचा पुरस्कार कादंबरीकडे फिरकलाच नाही. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांचा ‘वैदिक संस्कृतीचा विकास’, मर्ढेकरांचे ‘सौंदर्य आणि साहित्य’, चिंतामणराव कोल्हटकरांचे ‘बहुरूपी’, ग. त्र्यं. देशपांडे यांचे ‘भारतीय साहित्यशास्त्र’, अशी ही मालिका. पहिली पुरस्कृत कादंबरी म्हणजे १९६० ची, खांडेकरांची ‘ययाति’. १९६३ मध्ये श्री. ना. पेंडसे यांचे ‘रथचक्र’ आले आणि लगेच १९६४ मध्ये रणजित देसाईंची ‘स्वामी’. येथे थोडे थांबण्याजोगे आहे. ‘ययाति’ पौराणिक आणि ‘स्वामी’ ऐतिहासिक. म्हणजे विशिष्ट साच्याची, अफाट खपाची, सामान्य वाचकाच्या आवडीची कादंबरी अकादमीस वर्ज्य नव्हती. राजवाडा चालत होता, पेशव्यांचा वाडा चालत होता. गुप्तहेराची कचेरी तेवढी चालत नव्हती. पुराण आणि इतिहास यांच्या अंगी परंपरेची जी पुण्याई होती, ती खून आणि तपास यांच्या वाट्यास आली नाही. अकादमीच्या मुख्य पुरस्काराच्या मराठी यादीत अर्नाळकर नाहीत, धारपही नाहीत.

नियमाचा काच मात्र केवळ रहस्यकथेलाच बसला असे नाही. तो एकदा मराठी कथेच्या अगदी शिखरावर बसला. गुरुनाथ आबाजी कुलकर्णी, म्हणजेच जी. ए., हे सीमाभागाचेच लेखक. जन्म बेळगाव जिल्ह्यातील एकसंब्याचा आणि आयुष्यातील बहुतेक काळ धारवाडच्या महाविद्यालयात इंग्रजीच्या अध्यापनात गेला. ते सभा-संमेलनांपासून दूर राहत. त्यांच्या ‘काजळमाया’ या कथासंग्रहास १९७३ चा अकादमी पुरस्कार जाहीर झाला. कथांच्या योग्यतेविषयी शंका घेण्याचे कोणास कारण नव्हते. वाद उपस्थित झाला तो पुस्तकाच्या प्रकाशनाच्या तारखेवरून. नियमाने ठरविलेल्या मुदतीत ते खरोखर प्रसिद्ध झाले होते काय, असा प्रश्न विचारला गेला.

पुस्तक ‘प्रसिद्ध’ केव्हा होते? अखेरचा फर्मा छापून झाला तेव्हा, की बांधणी होऊन गठ्ठा मुद्रणालयातून बाहेर पडला तेव्हा, की दुकानदाराने पहिली प्रत विकली तेव्हा? आतल्या पानावर एक महिना छापलेला असतो; प्रत्यक्षात बांधणीवाल्याकडे पंधरा दिवस मोडतात, कधी दोन महिनेही. ज्यांनी मराठी प्रकाशनव्यवहार जवळून पाहिला आहे त्यांना याचे नवल वाटणार नाही. १८६७ च्या कायद्याने मुद्रकावर बंधन घातले होते, की छापलेल्या पुस्तकाच्या प्रती एका महिन्याच्या आत सरकारकडे द्याव्यात. १९५४ च्या कायद्याने प्रकाशकावर तसेच बंधन घातले, की प्रसिद्धीपासून तीस दिवसांत ठरलेल्या सार्वजनिक ग्रंथालयांस प्रत पाठवावी. म्हणजे तारखेचा पुरावा राहावा अशी व्यवस्था देशात होती. पण पुस्तकाचा खरा वाढदिवस कोणता, हे कायद्यालाही नेमके पकडता आलेले नाही.

या वादात लेखकाचा दोष काहीच नव्हता. लेखक कथा लिहितो, तारीख लिहीत नाही. तरी जी. एं.नी पुरस्कार परत केला. सन्मानाला संशयाची जराशी कड लागली तर तो जवळ ठेवावयाचा नाही, असा हा स्वभाव. त्यांच्या एकाकी, नियतीशी झगडणाऱ्या पात्रांमधून मराठी वाचकाला जे मिळाले, त्यात या परतीने उणे-अधिक काही झाले नाही. मात्र धारवाडच्या मराठी लेखकाला भाषेच्या नियमाने जवळ केले आणि दिनदर्शिकेच्या नियमाने दूर लोटले, ही नोंद इतिहासात राहिली.

त्याच्या पुढच्याच वर्षी, १९७४ मध्ये, पात्रतेची एक अगदी उलट गोष्ट घडली. मराठी विज्ञान परिषदेने विज्ञानकथांची स्पर्धा ठेवली होती. तीत ‘कृष्णविवर’ नावाची एक कथा आली. लेखकाचे नाव नारायण विनायक जगताप. परीक्षकांना ती आवडली आणि तिला पहिले पारितोषिक मिळाले. पुढे उलगडा झाला, की हे जगताप म्हणजे केंब्रिजहून नुकतेच मुंबईस परतलेले खगोलशास्त्रज्ञ जयंत विष्णु नारळीकर. आपल्या नावाची आद्याक्षरे उलटी फिरवून त्यांनी हे नाव घेतले होते आणि आपले अक्षर परीक्षकांपैकी कोणी ओळखील म्हणून कथेची प्रत पत्नीच्या हातून लिहवून घेतली होती. हेरकथेत शोभावी अशी ही तजवीज! पण तिच्यामागचा विचार गंभीर होता. त्यांना पारितोषिक हवे होते ते कथेला, कीर्तीला नव्हे. इतर लेखक आपण पात्र आहोत हे सिद्ध करण्यासाठी प्रमाणपत्रे जोडतात. या लेखकाने आपली प्रमाणपत्रे लपविली. दुसऱ्या वर्षी, १९७५ मध्ये, कऱ्हाडच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून दुर्गाबाई भागवतांनी या नव्या लेखनाचा गौरवाने उल्लेख केला आणि विज्ञानकथेस वाङ्मयाच्या ओसरीवर बसावयास जागा मिळाली.

ओसरीवर, माजघरात नव्हे. नारळीकरांनी त्यानंतर चाळीस वर्षे कथा-कादंबऱ्या लिहिल्या. ‘यक्षांची देणगी’ने मराठी विज्ञानकथेचा वाचक घडविला. अकादमीचा पुरस्कार त्यांना २०१४ मध्ये मिळाला, आणि तो ‘चार नगरांतले माझे विश्व’ या आत्मचरित्रास. आत्मचरित्र उत्तम आहे, यात वाद नाही. पण विज्ञानकथेच्या जनकास मान द्यावयाचा, आणि तो विज्ञानकथेसाठी द्यावयाचा नाही, यात रिवाजाचा हात दिसल्यावाचून राहत नाही.

हा रिवाज काहीसा सैल झाला तो अलीकडे. नागपूरचे स्थापत्य अभियंते अनंत यशवंत, म्हणजे नंदा खरे, यांच्या ‘उद्या’ या कादंबरीस २०२० चा पुरस्कार मार्च २०२१ मध्ये जाहीर झाला. येऊ घातलेल्या जगात माणसावर चोहोकडून नजर ठेवली जाते, त्याचे जगणे यंत्रांच्या आणि धनिकांच्या हाती जाते, असे तीत दाखविले आहे. ही भविष्यकादंबरीच होय. मुदतीचा नियम तोवर पाच वर्षांचा झाला होता. २०२० च्या पुरस्कारासाठी २०१४ ते २०१८ मध्ये प्रथम प्रसिद्ध झालेली पुस्तके धरली गेली. ‘उद्या’ २०१४ ची, म्हणजे मुदतीच्या अगदी उंबरठ्यावरची. नियमाने ती पात्र ठरली, रिवाजानेही या वेळी वाट दिली. आणि लेखकाने पुरस्कार नाकारला. आपण पुरस्कार घेणे काही वर्षांपूर्वीच थांबविले आहे, समाजाने पुष्कळ दिले आहे, असे त्यांनी नम्रपणे कळविले. खरे २०२२ मध्ये निवर्तले.

नव्या लेखकांसाठी २०११ पासून अकादमीने युवा पुरस्कार ठेवला आहे. त्यासाठी त्या वर्षीच्या १ जानेवारीस लेखकाचे वय पस्तीसच्या आत असावे लागते. येथे पुस्तकाबरोबर माणसाचीही जन्मतारीख तपासली जाते. २०२४ चा मराठीचा युवा पुरस्कार तुळजापूरचे देवीदास सौदागर यांच्या ‘उसवण’ या कादंबरीस मिळाला. तुळजापूरही एके काळी निजामाच्याच राज्यातले. सौदागर शिवणकाम करून पोट भरणारे आणि कादंबरीही शिंप्याच्याच जगण्याची.

आणि उदगीर? ठाणाकुशनूरकरांच्या या जुन्या शेजाऱ्याकडे २०२२ च्या एप्रिलात पंचाण्णवावे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. त्याआधीच्या, नाशिकच्या संमेलनाचे अध्यक्ष नारळीकर होते. उदगीरचे अध्यक्ष भारत सासणे. दीर्घकथेचे लेखक म्हणून त्यांची ख्याती. माणसाच्या मनातील गूढ आणि भय यांचे त्यांना वावडे नाही, आणि मुलांसाठी साहसाच्या व रहस्याच्या गोष्टी लिहिण्यात त्यांना कमीपणाही वाटला नाही. दोन वर्षांनी, २०२४ मध्ये, त्यांच्या ‘समशेर आणि भूतबंगला’ या कादंबरीस साहित्य अकादमीचे पारितोषिक मिळाले. नावातच भूतबंगला असलेले मराठी पुस्तक अखेर दिल्लीच्या यादीत जाऊन बसले. मात्र त्याची नोंद झाली ती बालसाहित्याच्या खात्यावर.